टेस्टरकाकांच्या खुराड्यातली चिलटं

माझ्या मावशीच्या यजमानांना सगळे टेस्टरकाका म्हणायचे. बिस्किटांच्या कारखान्यात वायरमन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. शर्टाच्या खिशात एक वेळ पेन नसायचं, पण टेस्टर असायचाच. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत त्यांची नजर भिंतीवरून फिरत राहायची. "हे बटण ढिलं झालंय का हो?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता उठायचे. मावशी मान खाली घालून बसायची. घरी आल्यावर म्हणायची, "लोक आपल्याला जेवायला बोलावतात, दुरुस्तीला नाही."

काका म्हणायचे, "मग त्यांनी बटण नीट ठेवावं."

गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. मावशी तापाने पडली तर ते तिच्या उशाशी बसायचे नाहीत. खोलीतला पंखा कुरकुरतो, तिची झोपमोड होईल, म्हणून पंखाच खाली उतरवून त्याला तेल घालत बसायचे. मावशी घामाघूम होऊन पडलेली असायची आणि पंखा जमिनीवर सुटा झालेला असायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं काही बोललेलं मी तरी कधी ऐकलं नाही. मी त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला राहायचे, रविवारी दोन बस बदलून त्यांच्याकडे जायचे, आणि माझ्यासाठी काही ना काही दुरुस्त होऊन तयार असायचं. कधी छत्री, कधी इस्त्री, कधी चपलेचा पट्टा.

मावशी रफू करायची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने खाल्लेला स्वेटर, खिळ्यात अडकून फाटलेली पँट, असलं सगळं कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला तिच्याकडे आणून द्यायचा. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उसवून काढायची आणि उभ्या-आडव्या विणीत एकेक धागा असा बसवायची की कापड पुन्हा जन्माला आल्यासारखं व्हायचं. काम झालं की कपडा माझ्या मांडीवर टाकायची. "शोध भोक." मला ते कधीच सापडलं नाही.

तिचा उजवा डोळा लहानपणापासून नावालाच होता. माणूस आलं, माणूस गेलं, एवढंच त्याला कळायचं. सगळं काम डाव्या डोळ्याचं, आणि त्याच्यावर जाड भिंगाचा चष्मा. पण तो एक डोळा काय डोळा होता. काळ्या कापडातला काळा धागा ती संध्याकाळच्या उजेडात वेगळा काढायची. काकांना स्वतःच्या हाताचं कधी कौतुक वाटलं नाही, पण बायकोच्या डोळ्याचा त्यांना फार अभिमान. आल्यागेल्याला सांगायचे, "हिच्या नजरेतून सुटेल असं काही नाही. मी तर शेजारी बसलेला असून आंधळा."

कारखाना बंद पडला तेव्हा काकांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. यंत्रांचं गरम पाणी गार करायला कारखान्याच्या मागे एक मोठा हौद होता आणि त्यात बदकं होती. ती कुणी सोडली, कधी सोडली, कुणालाच माहीत नव्हतं. मोडकी बिस्किटं खाऊन गुबगुबीत झालेली. हौद रिकामा करणार म्हटल्यावर त्यांचं काय करायचं याचा विचार कुणी केला नव्हता. शेवटच्या दिवशी काका टेम्पोतून उतरले ते बिस्किटांची खोकी घेऊन, आणि प्रत्येक खोक्यातून एक मान बाहेर.

मावशी दारातच उभी होती. "बाकीचे लोक निरोपाला घड्याळ आणतात," ती म्हणाली.

"घड्याळ आहे आपल्याकडे," काका म्हणाले आणि खोकी घेऊन थेट परसात गेले.

परस फार मोठं नव्हतं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, एक नळ, एक पेरूचं झाड. त्या झाडाखाली काकांनी फळांच्या पेट्यांच्या फळ्या जोडून खुराडं बांधलं. वर पत्रा, समोर जाळी, दाराला कडी, आणि आत अर्थातच एक दिवा. एका नराचं नाव त्यांनी 'मॅनेजर' ठेवलं, कारण तो दिवसभर स्वतः काही न करता बाकीच्यांच्या मागे मागे फिरायचा. एक लहानखुरी, किंचित लंगडणारी मादी होती, ती 'शिकाऊ'. नोकरी गेल्याचं दुःख काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण ठरल्या वेळी सकाळी डबा घेऊन निघायची सवय असलेला माणूस त्याच वेळेला बादली घेऊन परसात जाऊ लागला, यावरून काय ते कळत होतं.

मावशीने बदकांना कधी हात लावला नाही. पण तिची कामाची खिडकी परसात उघडायची. तिथून पोळीचे तुकडे खाली पडताना मी पाहिलेत. विचारलं तर म्हणायची, "हातून निसटलं."

दोन वर्षं अशी बरी गेली. मग एका वर्षी पावसाचे दिवस संपता संपेनात. काका म्हणायचे, बदक पाणी पीत नाही. ते पाणी सांडतं, आणि सांडताना थोडं चुकून त्याच्या पोटात जातं. एरवी सांडलेलं वाळून जायचं. त्या वर्षी काहीच वाळेना. खुराड्यातलं गवत खालून कुजलं, ताटलीतलं खाणं आंबलं, आणि चिलटं झाली. तिळाएवढी. काही खाण्यावर घुटमळणारी, काही करडी लव असलेली, भिंतीला चिकटून बसणारी. आधी खुराड्यात, मग नळाजवळ, मग स्वयंपाकघरात. चहाच्या कपात चिलट, पाण्याच्या भांड्यावर चिलट. मावशी श्वास रोखून एखादा धागा उचलायची आणि नेमकं त्याच वेळी चष्म्याच्या काचेवरून चिलट चालत जायचं.

"अहो," ती म्हणाली, "ही चिलटं तेवढी बघा. कामाला बसवत नाही."

बायकोने काम सांगितलं म्हटल्यावर काकांच्या अंगात वारं शिरलं. सुरुवात फसली. त्यांनी चिकट पिवळे कागद आणून खुराड्यात टांगले. त्यातला एक मॅनेजरच्या पाठीला चिकटला आणि तो अर्धा दिवस पाठीवर नोटीस लावल्यासारखा हिंडला. शेवटी काकांनी त्याला मांडीवर घेऊन गोडेतेल लावून लावून कागद सोडवला, आणि काकांचे कपडे आणि मॅनेजरची पिसं, दोन्ही तेलकट झाली. मग दुकानदाराने फवारायचं औषध दिलं. काकांनी बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं आणि बाटली न उघडता परत केली. बदकं मेलेली चिलटं टिपून खाणार, म्हणजे औषध त्यांच्याच पोटात जाणार.

त्यानंतर ते एक अख्खी सकाळ खुराड्यात पालथ्या बादलीवर बसून राहिले. मी गेले तेव्हा बदकं बाहेर आणि काका आत.

"काय करताय काका?"

"फॉल्ट शोधतोय," ते म्हणाले. "उडणाऱ्याच्या मागे लागून उपयोग नाही. उठतात कुठून ते बघायचं."

उठत होती ती पाण्याच्या घमेल्याखालच्या ओल्या गवतातून. काकांनी पाणी खुराड्यातून कायमचं बाहेर काढलं. परसाच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात खडी भरली, वर लोखंडी जाळी टाकली आणि जाळीवर टब ठेवला, म्हणजे सांडलेलं खाली मुरावं. आतलं सगळं गवत जमिनीपर्यंत खरवडून काढलं, झाकणाच्या पिंपात भरलं. सुताराकडून कोरडा भुसा आणून हातभर जाड अंथरला. रोज सकाळी ओला झालेला तेवढा भाग खुरप्याने उचलायचा, वर नवा भुसा घालायचा. खाणं बदकं संपवतील तेवढंच ठेवायचं, आणि दिवस मावळायच्या आत ताटल्या धुवायच्या. झरोक्यांना बारीक जाळी मारली. भंगारातला एक छोटा पंखा दुरुस्त करून दाराशी लावला, कारण चिलटाला वाऱ्यापुढे उडता येत नाही. एवढं करून जी उरली त्यांच्यासाठी वाट्यांमध्ये व्हिनेगर, त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब.

वाट्यांमध्ये पडणारी चिलटं कमी होत गेली. एका रविवारी काकांनी मला वाटी आणून दाखवली, मुलाने शाळेतून आल्या आल्या प्रगतिपुस्तक पुढे करावं तशी. "बघ. एक नाही."

खरंच एक नव्हतं. स्वयंपाकघरातही नव्हतं. मी चहा प्यायले, कपावर बशी न झाकता.

खिडकीपाशी बसलेली मावशी म्हणाली, "अजून आहेत."

काका वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. "कुठे?"

"ही काय. आत्ता इथून गेलं." तिने हवेत हात फिरवला. "बारीक आहेत. काळी."

काकांनी तिच्यासमोर पांढरा कागद धरला. बराच वेळ धरला. त्यांना काही दिसलं नाही, मलाही नाही. पण त्यांनी तिच्यावर जराही संशय घेतला नाही. मला म्हणाले, "हिला दिसतात म्हणजे असणार. आपल्या डोळ्यांना काय दिसतंय."

आणि ते पुन्हा कामाला लागले. खुराड्याच्या फळ्या सुट्या करून मागच्या फटी बुजवल्या. गटाराच्या तोंडावर जाळी बसवली. पेरूची झाडाखाली पडलेली फळं सकाळ-संध्याकाळ वेचायला लागले. मावशीच्या खिडकीला तर त्यांनी इतकी बारीक जाळी लावली की वारा यायचा बंद झाला. मावशी उकाड्यात बसून काम करायची आणि मधेच मान झटकायची.

त्याच सुमाराला तिने दिव्याबद्दल सांगितलं. "हा दिवा मधेच लुकलुकतो. कडेला चमकल्यासारखं होतं."

काकांनी दिवा बदलला. मग होल्डर बदलला. मग वायर. तरी ती म्हणाली की चमकतं, तेव्हा त्यांनी मीटरपासून तिच्या कोपऱ्यापर्यंतची सगळी लाइन तपासली. दोष निघाला नाही. दोष नसलेली लाइन त्यांनी बघितली नव्हती असं नाही, पण तक्रार आहे आणि दोष नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते चिडचिडे झाले. आणि मग त्यांच्या मनात ते आलं, जे यायला नको होतं.

मी तिथेच होते. मावशीने नेहमीसारखा डोळ्यांपुढून हात फिरवला, आणि काका म्हणाले, "तुला बदकं नको आहेत, असं सरळ सांग ना."

मावशीने सुई खाली ठेवली. "मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण खुराड्यात चिलट नाही. स्वयंपाकघरात नाही. मला दिसत नाही, या पोरीला दिसत नाही. तुला एकटीला दिसतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

काकांनी खाली ठेवलेल्या सुईकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही. तुझा डोळा खोटं सांगायचा नाही."

त्या वाक्याने बदकांचा निकाल लागला. तिला चिलटं दिसतात म्हणजे चिलटं आहेत, आहेत म्हणजे बदकांमुळेच आहेत, आणि करण्यासारखं सगळं करून झालंय. गावाबाहेर एक रोपवाटिकेवाला होता, त्याच्याकडे तळं होतं. काका त्याच्याशी बोलून आले. मावशीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं कशाला? राहू द्या की."

"तुझं काम महत्त्वाचं," काका म्हणाले.

रोपवाटिकेवाला टेम्पोतून टोपल्या घेऊन आला. मॅनेजरने नेहमीसारखं सगळ्यांना आधी आत जाऊ दिलं. शिकाऊला काकांनी स्वतः उचललं आणि टोपलीत ठेवायच्या आधी तिचा दुखरा पाय दोन बोटांनी जरा चोळला. खिडकीतून मावशी बघत होती. ती बाहेर आली नाही. टेम्पो गेल्यावर काकांनी खुराडं उतरवलं, जागा चुन्याने धुतली, फळ्या भिंतीला लावून ठेवल्या. हात धुवून आत आले आणि विचारलं, "आता?"

मावशी म्हणाली, "आता नाहीत."

ती खोटं बोलली. ते तिनेच मला नंतर सांगितलं. बदकं गेली तरी तिला चिलटं दिसतच होती, उलट वाढली होती. पण जो माणूस सकाळी उठून रिकाम्या परसात बादली घेऊन उभा राहतो आणि मग बादली परत आणून ठेवतो, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही उगीच दिलीत? ती गप्प बसली. हात फिरवायची ती काका खोलीत नसताना. चिलटांबरोबर आता खालच्या कोपऱ्यातून एक काळं सावट वर येत होतं, पापणी जड झाल्यासारखं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

कळलं ते लाँड्रीवाल्यामुळे. तो तिने रफू केलेला एक कोट घेऊन आला. चांगला भिडस्त माणूस, इतक्या वर्षांत कधी घरात येऊन बसला नव्हता. त्या दिवशी बसला, पाणी प्यायला, आणि मग कोट पुढे करून म्हणाला, "काकू, हे जरा दिसतंय हो."

काकांना आधी रागच आला. "काय दिसतंय? हिचं काम दिसत नसतं."

"तुम्हीच बघा."

काकांनी कोट उजेडात नेला. त्यांना बघावंही लागलं नाही. भोक बुजलं होतं, पण वीण तिरकी गेली होती आणि एका जागी धागाच सुटला होता, ठिगळ लावल्यासारखं. काकांनी तो कोट घडी केला, लाँड्रीवाल्याला म्हणाले, "राहू दे इथे," आणि तो गेल्यावर मावशीच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"काय होतंय?"

"काही नाही."

"अगं, काय होतंय तुला?"

मग ती रडली आणि तिने सगळं सांगितलं. काकांनी मला फोन केला. फोनवर एवढंच म्हणाले, "ये. तिला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय," आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच तसा ऐकला.

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत स्वभावाच्या. मावशीने चिलटांपासून सुरुवात केली. कुठे, कशी, किती दिवस. काकाही मधे मधे सांगत होते, व्हिनेगर, पंखा, भुसा, सगळं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मावशीला म्हणाल्या, "डाव्या डोळ्यावर तळहात ठेवा. दाबू नका, नुसता झाका. समोर भिंतीकडे बघा. चिलटं दिसतात?"

मावशीने उजव्या, अधू डोळ्याने पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. "नाही."

"आता तो उघडा, उजवा झाका."

"आहेत," मावशी म्हणाली. "भिंतीवर आहेत."

डॉक्टरांनी तपासणी केली. डोळ्याच्या आतला पडदा आधी फाटला होता, आता सुटत सुटत मधोमध आला होता. ती काळी चिलटं म्हणजे आत तरंगणारे कण, आणि चमकणारा दिवा म्हणजे ओढला जाणारा पडदा. डॉक्टरांनी हे साध्या शब्दांत सांगितलं. काकांनी सगळं समजून घेतलं, एखादं यंत्र समजून घ्यावं तसं, आणि मग विचारलं, "चिलटं दिसायला लागली तेव्हाच आलो असतो तर?"

मला वाटलं डॉक्टर बोलायचं टाळतील. "तेव्हा नुसती फट होती," त्या म्हणाल्या. "ती बंद करता आली असती, बहुतेक. पण घरात खरीच चिलटं असताना कुणाच्या लक्षात येणार?"

काकांनी मान हलवली. बसमध्ये ते मावशीचा हात धरून बसले. तोपर्यंत मी त्यांना तिचा हात धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते सारखं एकच म्हणत होते, "नुसता तळहात ठेवायचा होता."

ऑपरेशन झालं. नंतर डोळ्यात भरलेल्या हवेने पडदा जागेवर दाबून राहावा, म्हणून तिला बरेच दिवस मान खाली घालून पालथं पडून राहायचं होतं. काकांनी एका जुन्या खुर्चीची पाठ कापून तिला उशी बांधली, कपाळ टेकायला जागा आणि तोंडाखाली मोकळं, म्हणजे तिला श्वास घेता यावा. जमिनीवर आडवं पडून ते तिला नळीने पाणी पाजायचे. ती खाली बघायची, ते वर बघायचे, आणि तसेच दोघं बोलत बसायचे. मावशी म्हणायची, "लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही एवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघताय." मला दारात उभं राहून हसू यायचं.

पडदा पुन्हा बसला, पण नजर परत आली नाही. उजेड, रंगाचे ढग, माणसाचा आकार. रेषा नाही. धागा तर नाहीच. लाँड्रीवाला सगळे कपडे घेऊन गेला. तो तिरक्या विणीचा कोटही. मावशीने सुयांचा डबा त्याच्या हातात दिला. म्हणाली, "तुमच्याकडे दुसरी कुणी येईल तिला द्या. चांगल्या सुया आहेत, मिळत नाहीत आता." त्याने डबा घेतला आणि निघताना दारात चप्पल घालायला इतका वेळ लावला, की शेवटी मावशीच म्हणाली, "या आता तुम्ही."

काकांनी नंतर काही दुरुस्त केलं नाही. नळ ठिबकत राहिला. मी आणलेली इस्त्री टेबलावर तशीच पडून राहिली, आणि मी ती गुपचूप परत नेली. एकदा मी लवकर पोचले तर ते मावशीच्या खिडकीत बसले होते, एका डोळ्यावर रुमाल बांधून, हातात सुई आणि एक जुना मोजा घेऊन. मला बघून त्यांनी रुमाल सोडला. म्हणाले, "कसं करायची गं ती?"

मावशी त्यांना कितीदा म्हणाली असेल, की अहो, बोलले नाही ती मी. तुमचं काय चुकलं? ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "मी पहिल्या दिवसापासून बाहेर शोधत बसलो." यापुढे बोलणं जायचंच नाही.

तिनेच त्यांना सांगितलं की बदकं परत आणा, तुम्हाला तेवढाच विरंगुळा. मी आणि ते रोपवाटिकेत जाऊन आलो. बदकं तळ्यात होती, आणखी बऱ्याच बदकांमध्ये मिसळलेली. मॅनेजर कोणता ते काकांनी लगेच ओळखलं. त्याने काकांना ओळखलं नाही. काका काठावर थोडा वेळ उभे राहिले, हातातला पोळीचा तुकडा पाण्यात टाकला, तो भलत्याच बदकाने नेला. "बरी आहेत इथे," ते म्हणाले. आम्ही परत आलो. घरी आल्यावर मावशीने काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी काकांना छातीचं दुखणं लागलं. फार लांबलं नाही. दवाखान्यात मी मावशीला धरून त्यांच्या पलंगापाशी बसवायचे. ती आधी चाचपडून त्यांचा हात शोधायची, मग खांदा, मग गाल. असंच एका दुपारी ती बसली होती, आणि काकांनी डोळे उघडले.

"दिसतोय का मी?" त्यांनी विचारलं.

"दिसताय की," मावशी म्हणाली. "दाढी किती वाढलीय. ही पोरगी उद्या वस्तरा आणेल."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. "उजवीकडे जास्त वाढलीय का?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडे सारखीच आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वस्तरा नेला. तिने त्यांचा हात धरून ठेवला आणि मी दाढी केली. त्याच आठवड्यात ते गेले.

मावशी आता माझ्याकडे असते. घर विकताना पेरूचं झाड नव्या मालकाने ठेवलं, असं कळलं. ती सकाळी लवकर उठते, गादीची घडी घालते आणि माझ्या मुलांना शाळेत जाताना शर्टाची बटणं नीट लागलीत का, ते बोटांनी तपासून बघते.